टाकीखालचा पाऊस

घर बांधायला काढलं की सळई किती एमएमची घ्यावी, वाळू कुठली आणावी, स्लॅबला पाणी किती दिवस मारावं, यावर पिंप्राळ्यातला कुठलाही शेजारी न विचारता अर्धा तास बोलू शकतो. बाथरूमच्या नळांचा विषय निघाला की मात्र हीच मंडळी "ते ज्याचं त्याच्या आवडीवर असतं भो" म्हणतात, चहाचा कप खाली ठेवतात आणि उठतात. त्यांचंही बरोबर आहे. सळईचा सल्ला चुकला तर तो काँक्रीटमध्ये कायमचा गाडला जातो. नळाचा सल्ला चुकला तर तो रोज सकाळी उठून भिंतीवर चमकतो.

पिंप्राळा जळगावला कधीच जोडलं गेलं, पण रेल्वेलाइनमुळे मन अजून जरा वेगळं आहे. मधोमध जुनं गाव, विठ्ठलाचं मंदिर, आषाढी एकादशीला निघणारा रथ. आणि भोवती मास्तर, बँकवाले, एसटीवाले, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले साहेब यांच्या कॉलन्या. जुन्या घरांत मोरी होती. मोरीत एक घासून गुळगुळीत झालेला दगड, कोपऱ्यात बंब आणि भिंतीतून बाहेर आलेली पितळी तोटी. ती तोटी कुणी पसंत केलेली नसायची. ती असायची, एवढंच. गळायला लागली की चांभाराकडून चामड्याचा तुकडा आणून वायसर कापायचा आणि पुन्हा बसवायचा. आता कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या रो-हाउसलासुद्धा दोन बाथरूम असतात आणि प्रत्येक बाथरूमच्या भिंतीसाठी माणसाला दुकानात जाऊन, स्टुलावर बसून, मत द्यावं लागतं.

जळगावच्या माणसाला खरं तर पाण्याच्या सामानाची भीती वाटायला नको. भवरलाल जैनांनी १९८० मध्ये इथे पीव्हीसी पाइप काढायला सुरुवात केली, मागोमाग ठिबक आलं. तिकडे गाडेगावला सुप्रीमचा कारखाना उभा राहिला. देशात कुठेही शेतात चर खणला तर जळगावचा पाइप सापडण्याची बरीच शक्यता. लग्नातसुद्धा आमच्याकडची माणसं क्लास टू आणि क्लास थ्री पाइपांवर गप्पा मारतात. पण पाइप जिथे संपतो आणि चकचकीत काहीतरी सुरू होतं, तिथे आमचं ज्ञानही संपतं.

दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट कळते की नळ नावाची वस्तूच नसते. बिब कॉक असतो, पिलर कॉक असतो, अँगल कॉक असतो, टू-इन-वन असतो, वॉल मिक्सर असतो, तो टेलिफोनिक असतो किंवा नसतो. टेलिफोनिक म्हणजे हातात धरायचा शॉवर पूर्वीच्या फोनच्या रिसिव्हरसारखा आकड्यावर टांगलेला. घरातले फोन गेले, पण बाथरूममध्ये हा एक राहिला आहे. त्यापलीकडे डायव्हर्टर, म्हणजे सगळी यंत्रणा भिंतीच्या पोटात आणि बाहेर फक्त एक गोल तबकडी व दांडी. दुकानदार या तबकडीकडे बोट दाखवून "सिंगल लिव्हर कन्सिल्ड" असं म्हणतो तेव्हा त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

यातला एक भाग मात्र जळगावकराला जन्मजात जमतो. दुकानदार नळ तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, "वजन बघा." आम्ही सराफ्यात तयार झालेली गिऱ्हाइकं. दोन नळ दोन हातांत घेऊन डोळे बारीक करून तोलण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. आणि ही पद्धत अगदीच खुळी नाही. चांगला नळ पितळेचा असतो (देशातलं बरंचसं पितळी काम गुजरातेतल्या जामनगरला होतं), आणि हलका नळ म्हणजे पितळ पातळ किंवा पितळच नाही. पण वजनावरून आतल्या काडतुसाचं, म्हणजे कार्ट्रिजचं, काही कळत नाही. हल्लीचा पाव फेऱ्यात उघडणारा नळ दोन सिरॅमिक चकत्यांवर चालतो. एक चकती दुसरीवर सरकते, भोकं समोरासमोर आली की पाणी, हलली की बंद. त्यात वायसर नाही, आवळणं नाही. माझी आई मात्र जन्मभर तोटी आवळत आलेली. ती पाव फेऱ्यावर थांबत नाही, "अजून फिरतोय" म्हणून जोर लावते. त्या चकत्या काय सोसतात ते त्यांनाच ठाऊक.

सगळा वेळ जातो तो शॉवर निवडण्यात. दुकानाच्या भिंतीवर ताटाएवढे शॉवर लावलेले असतात. आठ इंची, बारा इंची, गोल, चौकोनी. त्यांना रेन शॉवर म्हणतात. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही कपाशी वाळायला लागल्यावर, त्या जिल्ह्यात "घरात बारमाही पाऊस" हे शब्द कानावर पडले की माणूस विरघळतोच. बायकोने बारा इंचीवर हात ठेवला. मी किंमत बघून आठ इंचीवर ठेवला. दुकानदाराने दोघांकडे बघून विचारलं, "टाकी किती उंचीवर आहे?"

एवढ्या गर्दीत कामाचा प्रश्न विचारणारा हा एकच माणूस, आणि आम्हाला तो प्रश्न विक्री टाळण्याची सबब वाटला.

त्याचं गणित साधं आहे. दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याला साधारण एक बार दाब मिळतो. म्हणजे दर मीटरला बारचा दहावा भाग. शॉवरच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मला निदान अमुक दाब हवा, आणि मोठ्या तोंडाच्या शॉवरला तो एक बारच्या आसपास लागतो. आता पिंप्राळ्यातलं एकमजली घर घ्या. स्लॅब दहा फुटांवर, त्यावर तीन फुटांचा चौथरा, त्यावर काळी टाकी. शॉवर भिंतीत सात फुटांवर. टाकीचं तळ आणि शॉवर यांत अंतर उरलं सहा फूट. टाकी काठोकाठ भरलेली असली तर आणखी तीन फूट. सगळं मिळून पाव बारच्या वर फारसं जात नाही. एवढ्या दाबावर बारा इंची शॉवरच्या शंभरेक भोकांतून पाणी पडत नाही, तर सुटतं. मधल्या भोकांतून येतं, कडेची नुसती बघत राहतात. पुण्यात आमच्या मावसभावाकडे हाच शॉवर आहे आणि त्याखाली उभं राहिलं की श्वास घ्यायला तोंड बाजूला करावं लागतं. कारण तो अकरा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. डोक्यावर आठ मजल्यांचं पाणी आहे. आपल्या शॉवरची कंपनी चांगली आहे असं तो सगळ्यांना सांगत असतो.

पाणी उतारावर चालतं, ही गोष्ट खानदेशाला चारशे वर्षांपूर्वी चांगली कळलेली होती. बुऱ्हाणपूर तेव्हा खानदेशाची राजधानी. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात तिथे सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उताराच्या जोरावर, शहरात आणलं. त्याला कुंडी भंडारा म्हणतात आणि तो अजून आहे. वरून विहिरींसारखी दिसणारी कुंड्यांची रांग, खाली वाहतं पाणी. तिथल्या शाही किल्ल्यात रंगवलेल्या छताचा हमामही आहे, मुमताजमहलसाठी बांधलेला म्हणून दाखवतात. हमाम बांधणाऱ्याने आधी पाणी कुठून येणार ते ठरवलं आणि मग छत रंगवलं. आम्ही छतापासून सुरुवात करतो.

आणि भिंतीतून बाहेर येणाऱ्या नळाचा विषय निघालाच आहे तर आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्यात जुन्या वॉल-माउंटेड नळाचं नाव घ्यायलाच हवं. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या कुशीत उनपदेव आहे. तिथे दगडी गोमुखातून गरम पाणी पडतं. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून ते काढलं अशी कथा आहे आणि अंगाला खाज-खरूज असली की तिथे अंघोळीला जायचं ही जुनी रीत. त्या गोमुखाला दांडी नाही, लाल-निळी खूण नाही, कार्ट्रिज नाही, वॉरंटी कार्ड नाही. त्याच्याखाली उभं राहिलेल्या माणसाला मी अजून दाबाची तक्रार करताना ऐकलेलं नाही.

लाल-निळ्या खुणेवरून आठवलं. मिक्सरच्या डाव्या बाजूला लाल ठिपका म्हणजे गरम, उजव्या बाजूला निळा म्हणजे थंड, हा नियम ज्याने केला तो मे महिन्यात जळगावला आलेला नसावा. पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो. गच्चीवर काळी टाकी दिवसभर तापलेली. दुपारी निळी बाजू उघडली की हात भाजतो. पाहुणा ओरडत बाहेर येतो, "गिझर चालू राहिलाय का?" त्याला समजावून सांगावं लागतं की दादा, थंड पाणी हवं असेल तर लाल बाजू उघडा. हे थट्टेने सांगत नाही. गिझर बंद असला की त्याच्या पोटातलं पंधरा लिटर पाणी बाथरूमच्या सावलीत, जाड आवरणात, आदल्या रात्रीपासून निवांत असतं. ते टाकीतल्या पाण्यापेक्षा थंड. पण ते पंधराच लिटर. पहिला जो जाईल त्याला. म्हणून मे महिन्यात आमच्या घरी गरम नळाच्या थंड पाण्यासाठी नंबर लागतात, आणि ज्याचा नंबर हुकतो तो रात्रीच भरून ठेवलेल्या बादलीकडे वळतो.

प्लंबर आमच्याच गल्लीतला. त्याने काम सुरू केलं तेव्हा मी खुर्ची टाकून बसलो होतो, त्यामुळे सांगू शकतो. वॉल मिक्सर बसवायचा तर भिंतीतली गरम-थंडची दोन तोंडं बरोबर सहा इंचांवर हवीत, आणि एका पातळीत. गवंड्याने ती पावणेसहावर ठेवली होती. प्लंबर काही बोलला नाही. पिशवीतून त्याने दोन वाकडे पितळी तुकडे काढले. एका टोकाचा आटा दुसऱ्या टोकाच्या रेषेत नसतो, जरा बाजूला असतो. या तुकड्यांना लेग म्हणतात. एक लेग जरा आत फिरवला, दुसरा जरा बाहेर, मिक्सर समोर धरून बघितला, पुन्हा जरासा फिरवला. पावणेसहाचे सहा झाले. गवंड्यांच्या चुका गृहीत धरून हा तुकडा बनवणारा माणूस कोण असेल, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. मग टेफ्लॉनची पांढरी टेप. आटा आपल्याकडे धरून, ज्या दिशेला नट आवळायचा त्याच दिशेला गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होऊन बाहेर येते. "पहिले सूत आन सफेदा होता," तो म्हणाला. "हात आठ-आठ दिवस पांढरे राहात. पन एकदा बसला तं बसला." शेवटचा नट आवळताना त्याने पान्याच्या जबड्यात आपल्या रुमालाची घडी घातली. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खाली निकेल, त्याखाली पितळ. पाना थेट लावला की दात उमटतात आणि मग घरातली बाई ते दात वर्षभर प्रत्येक पाहुण्याला दाखवते.

खालच्या नळाची उंची विचारायची वेळ आली तेव्हा त्याने टेप काढली नाही. "बादली आना," म्हणाला. मी नवी, वीस लिटरची बादली आणली. ती त्याने फरशीवर ठेवली, कडी उभी केली आणि कडीच्या वर चार बोटं सोडून भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. सगळ्या बाथरूममध्ये नेमकी बसलेली एकच गोष्ट असेल तर ती ही रेघ.

कारण शेवटी अंघोळ होते ती बादलीनेच. शॉवरच्या अंघोळीत मोजदाद राहत नाही, आणि ज्या शहरात वाघूर धरणाचं पाणी एक दिवसाआड येतं तिथे मोजदाद न राहणं परवडत नाही. बरा दाब असला तर शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो. पाच मिनिटं उभं राहिलं की दोन-अडीच बादल्या. आमच्या शेजारचे काका रावेरकडचे, केळीवाले. त्यांनी हा हिशेब ऐकला आणि लगेच झाडांत केला. भर उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला ठिबकवर दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं. "म्हंजे तुमचा पोरगा रोज दोन-अडीच झाडं आंघोयीत घालवतो," ते म्हणाले. त्या दिवसापासून मुलगा शॉवरखाली गाणं म्हणायला लागला की बाहेरून कुणीतरी विचारतं, "घड पडला का?"

या काकांनीच शॉवरचा पुढचा आजारही ओळखला. कॉलनीत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी टाकीत मिसळतं आणि त्यात क्षार भरपूर. सहा महिन्यांत शॉवरच्या भोकांना पांढरी पुटं चढतात आणि धारा मन मानेल तिकडे उडायला लागतात. एक समोरच्या टॉवेलवर, एक थेट खिडकीतून बाहेर. काकांना हे रोजचं. ठिबकच्या नळ्या अशाच चोंदतात आणि शेतकरी त्यांतून पातळ ॲसिड सोडतो. "सोडून द्या थोडं," काका म्हणाले. त्यांना क्रोमच्या थराची जाडी सांगून आवरावं लागलं. शॉवर काढून लिंबू पिळलेल्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवला आणि टूथब्रशने घासला की भागतं. नळाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, फेसाळ धार देणारी, ती अशीच वाळूने भरते. कमी दाबावर ती फेस काही देत नाही, उलट आहे ते पाणीही अडवते. आमच्या प्लंबरने ती बसवल्या दिवशीच काढली आणि कागदात बांधून बायकोच्या हातात दिली. "ठेवा. घर विकायचं आसंल तव्हा लावा."

कमी दाबाची खरी गंमत मात्र स्पाउटच्या गोळीत आहे. नळाच्या तोटीवर एक छोटी गोळी असते. ती वर ओढली की पाणी खालून बंद होऊन शॉवरला जातं. गोळी वर टिकते ती पाण्याच्या दाबाने. दाब नसला की टपकन खाली पडते. त्यामुळे आमच्या मागच्या बाथरूममध्ये शॉवर घ्यायचा तर एका हाताने गोळी ओढून धरायची, वाकायचं, आणि उरलेल्या हाताने साबण लावायचा. योगासनांच्या कुठल्या पुस्तकात ही अवस्था मला आढळली नाही. पुढच्या बाथरूममध्ये डायव्हर्टर आहे, तिथे उलटा प्रकार. आधीचा माणूस दांडी शॉवरवर ठेवून जातो, आणि नुसते पाय धुवायला आलेला माणूस लग्नाचे कपडे घालून भिजतो. एवढ्यापुरता मात्र शॉवरला दाब कसा पुरतो, हे मला कळलेलं नाही.

यावर उपाय नाही असं नाही. प्रेशर पंप मिळतो, अर्ध्या हॉर्सपॉवरचा. नळ उघडला की आपोआप गुरगुरतो. समोरच्या गल्लीत एकाने बसवला. पण फक्त थंड पाण्याच्या लाइनवर. त्याच्याकडे गरम पाणी सोलरचं. मिक्सर उघडला की पंपाच्या जोरावर थंड पाणी मिक्सरमधूनच उलटं गरम लाइनमध्ये शिरायचं आणि वर सोलरच्या टाकीत जाऊन बसायचं. सकाळी सातला सगळं गरम पाणी गार. पुढे एनआरव्ही नावाचा एकतर्फी व्हॉल्व्ह टाकला तेव्हा ते थांबलं. आता त्याचा शॉवर खरोखर पावसासारखा पडतो, आणि लाइट गेली की खरोखर पावसासारखाच दगा देतो. मी त्यापेक्षा टाकीचा चौथरा तीन फुटांनी वाढवून घेतला आणि बारा इंचीऐवजी चार इंची, थोड्या भोकांचा शॉवर लावला. दिसायला तो अगदीच किरकोळ. बायकोच्या माहेरची माणसं येतात तेव्हा ती त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवते. पण शनिवारी संध्याकाळी, टाकी नुकतीच भरलेली असताना, त्याच्याखाली उभं राहिलं तर डोकं बऱ्यापैकी भिजतं.

परवा दोन प्लॉट सोडून घर बांधणारे एक गृहस्थ हातात तीन कॅटलॉग घेऊन आले. चांगल्या जाड, गुळगुळीत कागदाचे. "शॉवर कुठला घेऊ?" म्हणाले. मी त्यांना जिन्याने वर गच्चीवर नेलं, टाकी दाखवली, चौथरा दाखवला, पायऱ्या मोजायला लावल्या, पाव बारचा हिशेब सांगितला. उन्हात उभं राहून त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कॅटलॉग डोक्यावर धरत म्हणाले, "ते सगळं ठीक आहे भो. मी कंपनी विचारत होतो."